एका नावाआडचे अरण्य : ‘कोरा’ या पर्णिल शैवाकाच्या जातिनिश्चितीचा इतिहास (१७८८–२०२०)

गोषवारा

मध्य व दक्षिण अमेरिकेच्या उष्णकटिबंधीय पर्वतीय अरण्यांत आढळणारे ‘कोरा’ हे पर्णिल शैवाक अगदी अलीकडपर्यंत एकच जाती मानले जात होते. २०१४ साली या एका नावाखाली किमान १२६ जाती असल्याचे डीएनए-अभ्यासातून दिसून आले. पुढे एकाच शोधनिबंधात ७० नव्या जातींचे रीतसर वर्णन प्रसिद्ध झाले. प्रस्तुत निबंधात या घटनाक्रमाचा ऐतिहासिक मागोवा घेतला आहे. ‘नव्या जातीचा शोध’ म्हणजे पूर्वी कोणीच न पाहिलेल्या वस्तूचे प्रथमदर्शन, असा सर्वसाधारण समज असतो. कोराचा इतिहास मात्र वेगळे सांगतो. येथे शोध लागला तो वस्तूचा नव्हे, तर नावातील चुकीचा. ती चूक सव्वादोनशे वर्षे का टिकली आणि तिची किंमत काय, हा या निबंधाचा मुख्य प्रश्न आहे.

१. प्रस्तावना

गोड्या मसाल्याच्या सामानात दगडफूल हा जिन्नस असतो. करड्या रंगाचे, कडेला मुरडलेले, वाळलेल्या पानासारखे दिसणारे हे दगडफूल फूल नव्हे आणि पानही नव्हे. ते शैवाक, म्हणजेच लायकेन होय. कवक आणि प्रकाशसंश्लेषण करणारा एखादा सूक्ष्म जीव (हिरवे शैवल अथवा नीलहरित जीवाणू) यांच्या सहजीवनातून शैवाकाचा देह तयार होतो. निवारा व ओलावा धरून ठेवण्याचे काम कवकाकडे, तर अन्ननिर्मिती जोडीदाराकडे, अशी ही वाटणी असते. ज्यांचा देह पानासारखा पसरट व पाळीदार असतो त्यांना पर्णिल शैवाके म्हणतात. दगडफूल हे त्याचे आपल्या परिचयाचे उदाहरण.

बाजारात दगडफूल या एका नावाने विकल्या जाणाऱ्या ढिगात प्रत्यक्षात पार्मोट्रेमा, एव्हर्नियास्ट्रम अशा निरनिराळ्या वंशांतील अनेक जाती मिसळलेल्या असतात, हे भारतीय शैवाकतज्ज्ञांनी दाखवून दिले आहे. वाण्याच्या दुकानात अशा मिसळीने काही बिघडत नाही. परंतु विज्ञानाच्या नोंदवहीतच अनेकांना एक नाव पडले तर काय होते? आणि ती नोंद दोन शतके तशीच राहिली तर? कोरा या शैवाकाच्या बाबतीत नेमके हेच घडले.

प्रस्तुत निबंधात ‘जाती’ हा शब्द जीवशास्त्रीय अर्थाने, आणि ‘वंश’ हा शब्द जवळच्या जातींच्या समूहासाठी वापरला आहे. शैवाकाचे नाव हे नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेनुसार त्यातील कवकाचे नाव असते, हेही आरंभीच लक्षात घ्यावे.

२. समुद्रवनस्पती, कवक की शैवाक?

कार्ल लिनियस याने १७५३ साली ‘स्पीशीज प्लांटारम’ या ग्रंथात त्याला ज्ञात असलेली सर्व शैवाके ‘लायकेन’ या एकाच वंशात ठेवली आणि त्या वंशाला शैवलांच्या गटात स्थान दिले. शैवाकांचा सूक्ष्म व स्वतंत्र अभ्यास सुरू झाला तो त्याचा शिष्य एरिक आखारियस याच्यापासून. आखारियसचे मुख्य ग्रंथ १८०३ व १८१० सालचे. म्हणजे अठराव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेच्या अरण्यात गेलेल्या संग्राहकाजवळ शैवाकांसाठी पुरेशी चौकटच उपलब्ध नव्हती.

अशा काळात स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ ओलोफ स्वार्ट्स (१७६०–१८१८) वेस्ट इंडीजमध्ये हिंडत होता. जमैका व आसपासच्या बेटांवर त्याने विपुल संग्रह केला आणि १७८८ साली त्यातील नव्या वनस्पतींची संक्षिप्त वर्णने प्रसिद्ध केली. त्यांत एका पातळ, अर्धवर्तुळाकार, पंख्यासारख्या पाळ्यांच्या सजीवाची नोंद आहे. स्वार्ट्सने त्याला ‘अल्वा मोंताना’ असे नाव दिले. अल्वा हा समुद्रातील हिरव्या शैवलांचा वंश आणि मोंताना म्हणजे डोंगरावरची. डोंगरावर वाढणारे समुद्रशैवल! हे नाव आज विचित्र वाटते. पण पातळ, ओलसर, पाळीदार देहासाठी त्या काळच्या अभ्यासकाला समुद्रकिनाऱ्यावरचीच उपमा सुचली, यात नवल नाही. पुढे १८०६ साली स्वार्ट्सने ते कवकांच्या थेलेफोरा वंशात नेले आणि ‘पाव्होनिया’, म्हणजे मोरासारखी, असे विशेषण लावले. या सजीवाच्या पाळ्यांवर एकाआड एक समकेंद्री पट्टे असतात. ते पाहिले की मोराच्या पिसाऱ्याची आठवण होणे स्वाभाविक आहे. १८२५ साली एलियास फ्रीस याने त्याच्यासाठी ‘कोरा’ हा स्वतंत्र वंश स्थापला.

शैवल, कवक आणि मग स्वतंत्र वंश, असा हा चार दशकांचा प्रवास होता. त्या प्रत्येक टप्प्यावरील नावात सत्याचा एक अंश होता, हे विशेष. कोरामध्ये प्रकाशसंश्लेषण करणारा जोडीदार खरोखरच होता आणि कवकही खरोखरच होते. दोन्ही एकत्र असू शकतात ही कल्पना मात्र अजून कोणाला सुचलेली नव्हती.

३. दुहेरी देहाचा सिद्धान्त आणि ब्लूमेनाउचे अरण्य

ती कल्पना मांडली स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ झीमोन श्वेंडेनर याने. शैवाक हा एक सजीव नसून कवक व शैवल यांचा संयोग आहे, असे त्याने १८६७ पासून प्रतिपादन केले. त्या काळच्या मान्यवर शैवाकतज्ज्ञांना हे मुळीच रुचले नाही. ज्या सजीवांच्या अभ्यासात आयुष्य घालवले ते स्वतंत्र सजीवच नव्हेत, हे मान्य करणे सोपे नव्हते. तथापि सूक्ष्मदर्शकाखालील पुरावा वाढत गेला आणि हा सिद्धान्त स्थिरावला.

या सिद्धान्ताच्या प्रकाशात कोराकडे पुन्हा पाहिले गेले. बहुतेक सर्व शैवाकांतील कवक धानीकवक गटातील असते. इटालियन अभ्यासक ओरेस्ते मात्तिरोलो याने १८८१ साली कोराचे निराळेपण पुढे आणले : यातील कवक गदाकवक गटातील, म्हणजे भूछत्रांच्या नात्यातील आहे. पाळीच्या खालच्या बाजूस दिसणारे फिकट ठिपके हे या कवकाचे बीजाणू निर्माण करणारे थर होत. शैवाकांच्या जगात गदाकवकांचे प्रमाण अत्यल्प आहे; त्यामुळे कोरा हे तेव्हापासून पाठ्यपुस्तकांतील एक अपवादात्मक उदाहरण होऊन बसले.

कोराच्या इतिहासातील सर्वांत वेधक निरीक्षणे आल्फ्रेड म्योलर या जर्मन वनशास्त्रज्ञाची. दक्षिण ब्राझीलमधील ब्लूमेनाउ येथे त्याचे मामा, प्रसिद्ध निसर्गवैज्ञानिक फ्रिट्झ म्यूलर राहत असत. म्योलरने तेथे मुक्काम करून आसपासच्या अरण्यातील कवकांचा अभ्यास केला. १८९३ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात त्याने असे प्रतिपादन केले की, कोरा, डिक्टिओनेमा आणि लॉडेटिया ही वरवर भिन्न दिसणारी तीन शैवाके म्हणजे एकाच कवकाची तीन रूपे आहेत. कवक वरचढ ठरले तर पसरट कोरा, जोडीदार वरचढ ठरला तर तंतुमय डिक्टिओनेमा, असा त्याचा निष्कर्ष होता.

म्योलर हा वाळलेल्या नमुन्यांवर विसंबणारा अभ्यासक नव्हता. त्याने जिवंत कोरा त्याच्या अधिवासात पाहिले होते. तरीही त्याचा निष्कर्ष आज टिकत नाही. त्याच्या निरीक्षणांचे महत्त्व कमी न करता एवढे नमूद करावे लागते की, ‘बाह्यरूप भिन्न असले तरी कवक एकच असू शकते’ या विचाराला या निबंधाने मोठे बळ दिले. अनेकांना एक मानण्याची वाट येथे प्रशस्त झाली.

४. एका नावाचे अधिराज्य

विसाव्या शतकात या वाटेचा राजमार्ग झाला. एस्टोनियाचे कवकतज्ज्ञ एरास्ट पार्मास्तो यांनी १९७८ साली या संपूर्ण गटाचा आढावा घेणारा प्रबंध प्रसिद्ध केला. त्यात कोरा हा वंश डिक्टिओनेमा वंशात विलीन करण्यात आला आणि सगळ्या गटात केवळ पाच जाती मान्य करण्यात आल्या. पसरट पाळ्यांचे सर्व नमुने, मग ते मेक्सिकोचे असोत वा बोलिव्हियाचे, एकाच जातीत आले. १९८८ साली ब्रिटिश कवकतज्ज्ञ डेव्हिड हॉक्सवर्थ यांनी नामकरणाच्या नियमांची अडचण दूर करण्यासाठी त्या जातीला ‘डिक्टिओनेमा ग्लाब्राटम’ हे नाव दिले. पुढील सुमारे दोन दशके याच नावाने कोरा ओळखले गेले.

ही चूक कोणाच्या निष्काळजीपणाची होती काय? तसे म्हणता येणार नाही. तिच्यामागे तीन कारणे दिसतात. पहिले कारण नमुन्याच्या स्वरूपात आहे. ओले कोरा निळसर हिरवे वा करडे-हिरवे असते, त्याच्या कडा विशिष्ट रीतीने वळलेल्या असतात आणि काहींच्या पृष्ठभागावर बारीक लव असते. कागदाच्या घडीत वाळवल्यावर रंग उडतो, पाळ्या चुरगळतात आणि सगळे नमुने सारखेच पांढुरके दिसू लागतात. दुसरे कारण अंतराचे आहे. अरण्ये अँडीज पर्वतात आणि मध्य अमेरिकेत, तर प्रमाण नमुने व निर्णय देणारे तज्ज्ञ बहुतांशी युरोपात. जो पाहत होता तो ठरवत नव्हता आणि जो ठरवत होता त्याच्यापुढे पाहण्यासारखे थोडेच उरले होते. तिसरे कारण तत्त्वाचे आहे. गदाकवकांच्या वर्गीकरणात सूक्ष्मदर्शकी रचनेला निर्णायक मानण्याची परंपरा होती. कोरात ही रचना बरीचशी एकसारखी आहे. म्हणून जे भेद डोळ्यांना दिसत होते ते परिस्थितीजन्य म्हणून बाजूला सारले गेले.

चुकीच्या नावाचा परिणाम इतर शास्त्रांवरही होतो. १९९४ साली ओटो लांगे व त्यांच्या सहकाऱ्यांनी पनामाच्या पर्वतीय वर्षावनात या शैवाकाच्या जलसंबंधांचा व प्रकाशसंश्लेषणाचा मोलाचा अभ्यास प्रसिद्ध केला. तो ‘डिक्टिओनेमा ग्लाब्राटम’ या नावाखाली आहे. मोजमापे अचूक असली तरी ती नेमक्या कोणत्या जातीची, हे आज केवळ त्या नावावरून सांगता येत नाही.

५. कोस्टारिकातील गणना आणि डीएनएची साक्ष

चित्र पालटू लागले ते एकविसाव्या शतकाच्या आरंभी आणि तेही अरण्याच्या बाजूने. कोस्टारिकात १९८९ साली राष्ट्रीय जैवविविधता संस्था, म्हणजे ‘इनबिओ’, स्थापन झाली होती. स्थानिक ग्रामस्थांना प्रशिक्षण देऊन त्यांच्याकरवी देशातील सजीवांची मोजदाद करण्याचा तिचा उपक्रम जगभर नावाजला गेला. याच संस्थेच्या सहकार्याने देशातील शैवाकांची गणना हाती घेण्यात आली. २००४ साली या गणनेचा पहिला आढावा प्रसिद्ध झाला तो डिक्टिओनेमा याच गटाविषयी. त्याच्या लेखकांत होसे लुईस चावेस हे कोस्टारिकातील अभ्यासक आणि रॉबर्ट ल्यूकिंग हे जर्मन शैवाकतज्ज्ञ होते.

यानंतरचा टप्पा डीएनएचा. २००९ साली जेम्स लॉरी, ल्यूकिंग व सहकाऱ्यांनी दाखवले की, गदाकवकांपासून बनलेली शैवाके मोठ्या संख्येने हायग्रोफोरेसी या भूछत्रांच्या एकाच कुळात एकवटलेली आहेत. त्याच वर्षी या शैवाकांतील नीलहरित जोडीदाराचाही उलगडा झाला. तो पूर्वी समजला जाई तसा सायटोनेमा नसून तंतुमय नीलहरित जीवाणूंची एक वेगळीच, तोवर न ओळखलेली शाखा आहे. तिला पुढे ‘रायझोनेमा’ हे नाव मिळाले. शेतकरी जसा पिकाला माणसाळवतो तसा कवकाने हा जोडीदार माणसाळवला आहे काय, असा प्रश्न त्या अभ्यासाने उपस्थित केला.

२०१३ साली मानुएला दाल फोर्नो व सहकाऱ्यांच्या अभ्यासातून स्पष्ट झाले की, पार्मास्तो यांनी एकत्र केलेला गट प्रत्यक्षात पाच वंशांचा आहे : कोरा, कोरेला, डिक्टिओनेमा, सायफेलोस्टेरियम आणि अकॅन्थोलायकेन. पसरट पर्णिल देह आणि तंतुमय देह ही एकाच कवकाची रूपे नसून वेगवेगळ्या वंशांची लक्षणे होती. म्योलरचा निष्कर्ष १२० वर्षांनी बाजूला झाला आणि फ्रीसचे ‘कोरा’ हे नाव सन्मानाने परत आले.

२०१४ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या ‘प्रोसीडिंग्ज’मध्ये ल्यूकिंग, दाल फोर्नो, लॉरी, कोलंबियाच्या बिबियाना मोंकादा, इक्वेडोरच्या आल्बा यानेस-आयाबाका व इतरांचा निबंध प्रसिद्ध झाला. कवकांच्या ओळखीसाठी २०१२ पासून प्रमाण मानल्या गेलेल्या आयटीएस या डीएनए-खंडाची तुलना करून त्यांनी असे दाखवले की, दीर्घकाळ एकच मानल्या गेलेल्या या शैवाकात किमान १२६ जाती आहेत. एवढेच नव्हे, तर अजून न धुंडाळलेल्या प्रदेशांचा विचार करता एकूण जाती सुमारे ४५२ असाव्यात, असा अंदाजही त्यांनी वर्तवला. यांतील बहुसंख्य जाती मर्यादित प्रदेशापुरत्याच आढळणाऱ्या निघाल्या. मेक्सिकोपासून बोलिव्हियापर्यंत सर्वत्र पसरलेले एक सामान्य शैवाक, ही जुनी प्रतिमा त्या दिवशी मोडली.

६. सत्तर जातींचे बारसे

भेद ओळखणे आणि जातीचे रीतसर वर्णन करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नव्या जातीला मान्यता मिळण्यासाठी तिची लक्षणे शब्दांत सांगावी लागतात. एक प्रमाण नमुना निश्चित करून तो सार्वजनिक संग्रहालयात कायमचा ठेवावा लागतो. नाव प्रसिद्ध करावे लागते आणि २०१३ पासून कवकांच्या बाबतीत त्या नावाची नोंदणी करून क्रमांकही घ्यावा लागतो. पूर्वी हे वर्णन लॅटिनमध्ये असणे बंधनकारक होते. २०१२ पासून इंग्रजीही चालते. एका जातीसाठी हे काम कष्टाचे. शंभर जातींसाठी तर एका अभ्यासकाचे आयुष्य अपुरे पडावे असे.

यावर उपाय म्हणून ‘टर्बो-टॅक्सॉनॉमी’ ही पद्धत अवलंबण्यात आली. मोटारीच्या इंजिनावरून घेतलेल्या या शब्दाला मराठीत ‘शीघ्र-वर्गीकरण’ म्हणता येईल. २०१२ साली थायलंडमधील परजीवी गांधीलमाशांच्या १७९ नव्या जातींचे वर्णन या पद्धतीने झाले होते. डीएनएचा पुरावा, थोडक्यात पण नेमके वर्णन आणि उत्तम छायाचित्रे ही तिची त्रिसूत्री आहे. २०१६ साली प्रथम प्रकाशित झालेल्या निबंधात ल्यूकिंग व त्यांच्या अनेक देशांतील सहकाऱ्यांनी कोराच्या ७० नव्या जातींचे एकत्र वर्णन केले. सत्तर हा आकडा योगायोगाचा नव्हता. तो निबंध डेव्हिड हॉक्सवर्थ यांच्या सत्तराव्या वाढदिवसानिमित्त त्यांना अर्पण केलेला होता. ज्यांनी १९८८ साली एका जातीचे नाव दुरुस्त केले होते, त्यांनाच त्या जातीच्या पोटातून निघालेल्या सत्तर जातींची भेट मिळाली. विज्ञानात पूर्वसूरींची चूक दाखवणे आणि त्यांचा आदर करणे यांत विरोध नसतो, याचे हे सुंदर उदाहरण होय.

या निबंधानुसार डीएनएच्या आधारे कोरात १८९ जाती ओळखता येतात. त्यांपैकी ९२ जातींना रीतसर नाव आहे. देहाचा आकार, रंग, पाळ्यांची ठेवण, पृष्ठभागावरील लव, खालच्या बाजूवरील बीजाणुथराचा आकार, देहाची जाडी, तसेच जमीन, शेवाळे वा फांदी यांपैकी कशावर वाढते आणि कोणत्या प्रदेशात, अशा लक्षणांचा मेळ घालून जाती ओळखण्याचा तक्ताही त्यात दिला आहे. याचा अर्थ असा की, भेद केवळ डीएनएत नव्हते. ते डोळ्यांपुढेही होते. डीएनएने ते नव्याने निर्माण केले नाहीत. त्यांच्याकडे लक्ष द्या, एवढेच सांगितले.

७. काही आक्षेप

या पद्धतीवर आक्षेप घेता येतात आणि ते विचारात घ्यायला हवेत. पहिला आक्षेप असा की, मुख्यतः एका डीएनए-खंडावर एवढ्या जातींचा डोलारा उभारणे कितपत सुरक्षित? हा प्रश्न रास्त आहे. परंतु कोराच्या बाबतीत डीएनएतील गट हे बाह्यरूप, अधिवास व भौगोलिक प्रदेश यांच्याशी जुळतात. त्यामुळे पुरावा एकाकी राहत नाही. दुसरा आक्षेप असा की, वेगाने केलेले वर्णन उथळ ठरेल. मात्र प्रमाण नमुना, छायाचित्र व डीएनए-क्रम हे तिन्ही जतन झालेले असतील तर पुढील अभ्यासकाला तपासणीची आणि खंडनाचीही संधी राहते. अठराव्या शतकातील दोन ओळींच्या वर्णनांपेक्षा ही स्थिती निश्चितच बरी आहे.

तिसरा मुद्दा इतिहासाच्या अभ्यासकाला अधिक जवळचा आहे. नाव दिलेल्या ९२ जातींपैकी पाच जाती अशा आहेत की, ज्या केवळ जुन्या नावांवर वा जुन्या संग्रहांवर आधारलेल्या असून त्यांचा डीएनए-क्रम उपलब्ध नव्हता. एकच जाती होती तोवर जुने नाव कोणाचे, हा प्रश्न निरर्थक होता. अनेक जाती निघाल्यावर मात्र जुन्या संग्राहकाने नेमके काय उचलले होते, हे शोधणे अटळ झाले. म्हणजे अत्याधुनिक प्रयोगशाळेला शेवटी जुन्या कपाटातल्या पिवळ्या कागदापाशीच यावे लागते. नवे ज्ञान जुना दस्तऐवज निकालात काढत नाही. उलट त्याची गरज वाढवते.

८. नावाला झालेला उशीर

या साऱ्या खटाटोपाचे व्यावहारिक मोल काय, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यातून मिळते. कोराचे मुख्य क्षेत्र पर्वतीय अरण्ये असले तरी फ्लोरिडाच्या अंतर्भागातील वाळूमय झुडपी रानातही ते पूर्वी आढळत असे. जुन्या संग्रहांत त्याचे नमुने होते आणि अमेरिकाभर आढळणाऱ्या त्याच सामान्य जातीचे म्हणून त्यांना नेहमीचे नाव लावलेले होते. सर्वत्र विपुल असलेली जाती एका कोपऱ्यातून कमी झाली तर कोणी चिंता करीत नाही. फ्लोरिडातील झुडपी राने संत्र्यांच्या बागा आणि वसाहती यांच्यापायी मोठ्या प्रमाणावर नष्ट झाली. त्या काळात या शैवाकाकडे वेगळे लक्ष देण्याचे कारण कोणालाच दिसले नाही.

२०२० साली जुन्या नमुन्यांची फेरतपासणी प्रसिद्ध झाली, तेव्हा ती स्वतंत्र जाती असल्याचे निष्पन्न झाले. तेथील मूळ रहिवासी तिमुकुआ लोकांच्या स्मरणार्थ तिला ‘कोरा तिमुकुआ’ असे नाव देण्यात आले. त्याच निबंधाच्या शीर्षकात ती ‘संभाव्यतः नामशेष’ असल्याचीही नोंद आहे. जन्माची आणि मृत्यूची नोंद एकाच कागदावर व्हावी, तसे हे झाले. तिला वेळीच नाव मिळाले असते तर ती वाचलीच असती, असा दावा करता येणार नाही. परंतु नाव नसल्यामुळे तिच्या रक्षणाचा प्रश्नही उद्भवला नाही, एवढे मात्र खरे.

हाच प्रश्न आता अँडीजच्या मेघवनांपुढे आहे. एखादी जाती एका पर्वतरांगेपुरतीच असेल, तर त्या रांगेवरील अरण्यतोड म्हणजे त्या जातीचा शेवट. जोवर सर्व कोरा एकच मानले जात होते, तोवर ही हानी हिशेबात धरलीच जात नव्हती. गालापागोस बेटांवरील कोराच्या नव्या जातींचे २०१७ साली वर्णन झाले, तेव्हा तेथील संवर्धनाच्या विचारालाही असाच नवा आधार मिळाला.

९. समारोप

कोराच्या इतिहासातून तीन निष्कर्ष काढता येतात. एक, वैज्ञानिक चूक अनेकदा अज्ञानातून नव्हे, तर त्या काळच्या सुसंगत वाटणाऱ्या चौकटीतून निर्माण होते. म्हणूनच ती दीर्घायुषी ठरते. दोन, अरण्यात हिंडणारा आणि निर्णय देणारा यांच्यातील अंतर कमी झाले की ज्ञानाची गती वाढते. चावेस, मोंकादा, यानेस-आयाबाका यांच्यासारखे त्या त्या देशांतील अभ्यासक सहलेखक झाले, तेव्हाच कोराचे खरे रूप समोर आले. तीन, संग्रहालय ही गतकाळाची अडगळ नव्हे. ज्या प्रश्नाची आज कल्पनाही नाही, त्याचे उत्तर तेथे ठेवलेले असू शकते.

हा तिसरा निष्कर्ष आपल्याशी थेट संबंधित आहे. भारतात शैवाकांच्या अडीच हजारांहून अधिक जातींची नोंद आहे. लखनौ येथे डी. डी. अवस्थी यांनी आणि पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत पी. जी. पटवर्धन व त्यांच्या सहकाऱ्यांनी या अभ्यासाचा भक्कम पाया घातला. सह्याद्रीतील शैवाकांच्या ज्ञानात पुण्याच्या या परंपरेचा वाटा मोठा आहे. आपल्या महाविद्यालयांच्या वनस्पतिशास्त्र विभागांतही सहलींत गोळा केलेले नमुने कपाटांतून असतात. त्यांवर ठिकाण, उंची, तारीख, कशावर वाढले होते आणि ओले असताना रंग कोणता होता, एवढे जरी नीट लिहून ठेवले, तरी ते निरुपयोगी ठरणार नाहीत. प्रयोगशाळा असो वा नसो, ही नोंद करण्यास खर्च येत नाही. फक्त शिस्त लागते.

स्वार्ट्सने जमैकाच्या डोंगरात ते पंख्यासारखे पान उचलले तेव्हा आपण काय उचलत आहोत, हे त्याला ठाऊक नव्हते. त्याने ते समुद्रशैवलांत घातले, ही त्याची चूक. पण त्याने नोंद केली, ते छापले आणि त्यामुळे ती चूक दुरुस्त होऊ शकली. चुकीच्या नोंदीला दोन शतकांनंतरही उत्तर देता येते. मुळात नोंदच नसेल तर मात्र चूक झाली होती, हेसुद्धा पुढच्यांना कळत नाही.